कणगो

शनिवारचा बाजार उठला की पिएदादबाई
कुडचड्याच्या स्टेशनाखालच्या माझ्या टपरीत येते.
आज फ्रॉकच्या खिशातून तिनं काढलं
रुमालात गुंडाळलेलं एक जांभळं खेळणं,
कडा झिजलेलं, बटणांवरची अक्षरं पुसलेलं.
म्हणाली, ह्याचा जीव जायला आलाय रे बाबा,
पण आतल्याला काही होता कामा नये.

आतला म्हणजे कणगो.
डोक्यावर चार पानं, खाली मातकट गोळा,
दोन मुळं पायांसारखी.
दिवसा स्वतःला पुरून घेतो,
रात्री गवतातून दुडूदुडू चालतो.
नाव इनासनं ठेवलेलं, तेव्हा तो नववीत होता.
मग तो जहाजावर गेला
आणि हे उशीखाली राहिलं.

मी उघडलं. चार स्क्रू, एक गंजलेला.
आत नाण्याएवढा सेल, शेवटच्या धुगधुगीवर.
म्हटलं, बाई, हा काढला की आतलं सगळं पुसतं.
गाव, गवत, कणगो, सगळंच.
ती हसली.
तू कधी रोप हलवलं नाहीस वाटतं.
मुळाची माती झाडायची नसते,
कुंडी फोडायची, गोळा तसाच उचलायचा.

मग यंत्र चालूच ठेवलं.
तापलेली सळई, श्वास धरलेला,
जुना सुटायच्या आधी नवा भिडवायचा.
नेमकी वरून मालगाडी गेली,
खनिजाचे डबे, संपता संपेनात,
टपरीचा पत्रा थरथरला, हात थरथरला,
आणि पिएदादबाईनं माझं मनगट धरलं,
वेलाला मांडवाला धरतात तसं, घट्ट नाही, पण धरलं.

तो होता.
लेव्हल एकेचाळीस.
आता मला ह्या खेळांतलं थोडं कळतं.
म्हटलं, हा तर सोळालाच बदलायला हवा होता,
फुलायला हवा होता.
फुलायला बघतो ना, ती म्हणाली,
चमकायला लागला की मी हे बटण दाबते,
मग गप्प होतो.
किती वेळा?
येईल तेवढ्या वेळा.

इनास दर तीन वर्षांनी येतो,
चॉकलेटं आणतो, छप्पर दुरुस्त करतो,
कणगोचं कधी विचारत नाही.
हे ती बोलली नाही.
कणग्यांच्या पाटीवरचं गोणपाट सारखं करता करता
एवढंच म्हणाली, विचारलं तर दाखवायला नको?

नवा सेल धरतोय का बघायला एक लढत हवी होती.
ती म्हणाली, बारकंसं कुणीतरी बघ, विस्तववाला नको.
एक किडा भेटला. कणगोनं पान हलवलं,
किडा पडला.
बेचाळीस.
पडदा पांढरा झाला, ते सूर सुरू झाले,
आणि मधोमध कणगोची सावली
लहान-मोठी, लहान-मोठी.

मी यंत्र तिच्या हातात दिलं.
अंगठा बटणावर.
नखात बाजाराची माती.
ज्या अंगठ्यानं ती कोंब चाचपते,
कुठला रुजेल, कुठला कुजेल, बघता बघता सांगते,
तो तिथंच राहिला.
दाबला नाही.
उचललाही नाही.

सूर थांबले.
पानांच्या मधोमध उघडलेलं,
भलं मोठं, गुलाबी, पाच पाकळ्यांचं.
तिनं यंत्र लांब धरलं, मग जवळ,
मग चष्मा काढून.
मी वाट बघत होतो ती रडेल म्हणून.

हे काय, ती म्हणाली,
कणगीला असलं फूल?
कणगीला फूल येतच नाही, आलंच तर हे एवढं,
तांदळाच्या कणीसारखं, तेही लोंबतं.
हे ज्यांनी काढलं त्यांनी
जन्मात कधी कणगी खणलेली नाही.

पैसे विचारले नाहीत तिनं, मीही सांगितले नाहीत.
पाटीतून दोन कणग्या काउंटरवर ठेवल्या,
एक उकडायला,
आणि एक, कोंब फुटलेली, तिला जागा बघ म्हणाली.
यंत्र रुमालात, रुमाल खिशात.
जिन्यापर्यंत गेली आणि परत आली.
त्याचं नाव तेच राहतं ना रे, फुलल्यावर?

तेच राहतं, मी म्हणालो.